कुसुममावशींची भिंत

आमच्या अमेरिकेतल्या, एडिसनच्या घरी कुसुममावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. चपला काढल्या, बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, पुठ्ठाच आहे की गं! एवढ्या थंडीत पुठ्ठ्यात राहता?" मला रागच आला. नवंकोरं घर होतं हो!

मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, इथं मुलाकडे राहायच्या. वडील गवंडी. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी थोरल्या लेकीच्याच हाती थापी दिली. "मी गवंड्याची पोर," हे मावशी कुणालाही सांगत, अगदी दवाखान्यातल्या नर्सलासुद्धा.

मग आमच्या मराठी मंडळानं तासाभराच्या अंतरावर एक जुनं शेत घेतलं. तिथं पूर्वी इंग्रज शेतकऱ्यांनी बांधलेलं दगडी घर आणि बार्न होतं. घराच्या भिंती इतक्या जाड, की खिडकीत मांडी घालून बसावं. बार्न उतारात खोचलेलं: खाली गुरं, वर चारा, आणि चढाच्या बाजूनं गाडी थेट वरच्या मजल्यात. पण त्याची उत्तरेची भिंत पोट काढून उभी होती. इन्स्पेक्टरनं बजावलं, बर्फ पडायच्या आत दुरुस्त करा, नाहीतर पाडा. कमिटीनं पाडून पार्किंग करायचं ठरवलं. सेक्रेटरी मीच, पाडकामाचं पत्रही मीच टाइप केलं.

मावशी थेट मीटिंगमध्ये येऊन उभ्या राहिल्या. "पाडायला अक्कल लागत नाही. मूळ बांधकाम चुन्याचं, आणि कुणीतरी शहाण्यानं दगडांमधल्या दरजा सिमेंटनं भरल्यात. भिंतीचं नाक दाबलंय. ओल आतच कुजणार ना!"

"मावशी, इट्स नॉट प्रॅक्टिकल," अध्यक्ष म्हणाले.

"मग तुम्ही बाजूला सरका."

शेवटी कमिटी नमली आणि इंजिनिअरकडून टेकू लावून घेऊन दर शनिवारी काम सुरू झालं. फुगलेला भाग उतरवताना मावशींनी प्रत्येक दगडावर खडूनं आकडा घातला. एका शनिवारी त्यांना ताप आला, म्हणून रचायचं काम माझ्या नणंदेनं, रियानं केलं. ती इथंच जन्मलेली, डेंटिस्ट, हात एकदम स्थिर. पण ती मराठी १ ला नाइन समजली आणि ७ ला सिक्स! पुढच्या आठवड्यात मावशींनी तीन थर पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"दिसायला ठीक आहे की मावशी, चालेल," मी म्हणाले. बर्फाला जेमतेम महिना उरला होता.

"चालेल? भिंतीनं चालायचं नसतं, उभं राहायचं असतं. उतरवा!"

रिया रडवेली झाली. मावशींनी तिला जवळ बसवून एक लांब दगड दाखवला. "हा आरपार जातो, दोन्ही बाजू धरून ठेवतो. हा चुकला की भिंतीचा काडीमोड." तिन्ही थर पुन्हा रचले. चुना कालवून कालवून आमच्या हातांची सालं निघाली. अगदी शेवटच्या शनिवारी इन्स्पेक्टरनं भिंत पास केली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र म्हणाल्या, "एक हिवाळा काढू दे तिला. मग बोलू."

जानेवारीत मावशी गेल्या. झोपेतच. मला फार एकटं वाटलं, स्वतःची मावशी गेली तेव्हा वाटलं नव्हतं इतकं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर इन्स्पेक्टर पुन्हा आला. मी आणि रियानं मावशींचा ओळंबा, दोरीला बांधलेलं ते वजन, भिंतीवरून सोडला. भिंत सूतभरही हलली नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"समथिंग राँग?" त्यानं घाबरून विचारलं.

"नो," रिया म्हणाली. "इट्स स्ट्रेट."