नसलेल्या दातांचा गठ्ठा

माझे यजमान दातांचे डॉक्टर होते, आणि त्यांनी आयुष्यभर रुग्णांचे एक्स-रे नावाप्रमाणे न लावता दाताप्रमाणे लावले. ते जाऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात या एकाच गोष्टीवरून मी त्यांच्या फोटोशी जितकी भांडले, तितकी ते असताना भांडले नव्हते.

‘उजवा खालचा सातवा’ असा एक गठ्ठा, ‘डावा खालचा सहावा’ असा दुसरा. पाकिटावर वय, गाव, तारीख. नाव नाहीच. ‘‘नाव घेऊन मी काय करू? मला हाड बघायचंय,’’ असं म्हणायचे. जबड्यातली गाठ गेल्यावर हाडात जी पोकळी राहते, ती किती दिवसांत भरते, यावर त्यांना एक निबंध लिहायचा होता. हाड नीट भरलं तर पुढे त्यात स्क्रू बसवून नवा दात उभा करता येईल, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. लातुरात तेव्हा हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस चहा मागवायचा आणि विषय बदलायचा. निबंध झाला नाही. फिल्म मात्र तीन ट्रंका भरून आहेत. त्या माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून ठेवलेल्या, त्यामुळे कपाटाचं खालचं दार कित्येक वर्षं उघडलेलं नाही.

गेल्या महिन्यात साठीचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. लोह्याजवळच्या गावचे.

‘‘डाक्टरसाहेब हायत का?’’

‘‘ते गेले. वर्ष होईल आता.’’

त्यांनी टोपी काढली, पायरीवर बसले. ‘‘मला कुणी सांगितलं न्हाई की,’’ असं म्हणाले, जणू मी त्यांना पत्र टाकायला हवं होतं. मग म्हणाले, ‘‘मंग माझा फोटो?’’

फोटो म्हणजे एक्स-रे. विशीत असताना त्यांचा जबडा सुजला होता, म्हणून आमच्याकडे काढलेला. आता ते इथल्या दंत महाविद्यालयात स्क्रूचा दात बसवायला आले होते. डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रानं काढलेल्या चित्रात नेमका स्क्रूच्या जागी जबड्यात काळा डाग दिसला. तो जुन्या गाठीचा राहिलेला व्रण की नवा आजार, हे डॉक्टरांना ठरवता येईना. नवा असेल तर जबडा उघडावा लागणार.

‘‘जुना फोटो आणा म्हणून राहिल्या त्या डाक्टरीणबाई. कापायचं का सोडायचं, समदं त्याच्यावर हाय.’’

‘‘कोणता दात होता?’’

‘‘आता मला काय ठाऊक? उपटलेला हाय न्हवं.’’

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. परक्या माणसाच्या तोंडात बॅटरी मारून दात मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

‘‘बाई, जीभ धरू का?’’

‘‘धरा. आणि बोलू नका.’’

डावीकडचा खालचा सहावा जागेवर नव्हता. त्या गठ्ठ्यात लोह्याचं पाकीट सापडलं, वय जुळलं. आतली पंजाएवढी फिल्म चहासारखी तपकिरी झाली होती. गाठीची पुढची कड दिसत होती, मागची नाही.

ती फिल्म का बिघडली, हे मला माहीत होतं.

ते दुष्काळाचं साल. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळ मात्र कोरडेच. टँकर चौथ्या दिवशी यायचा. एक्स-रेची फिल्म रसायनातून काढली की अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवावी लागते. रसायन आत राहिलं तर ती पुढे तपकिरी होते. फिल्म मीच धुवायचे, पण आमच्याकडे वाहतं पाणी कुठलं! मग यजमानांनी नियम केला: फोटो काढायचा तर ज्यानं त्यानं आपलं पाणी आणायचं. लोक तोंडाला फडकं बांधलेली कळशी घेऊन एसटीतून उतरायचे. या माणसाची आई तशीच आली होती, अहमदपूरपासून उभ्यानं, कळशी कडेवर घेऊन.

ते पाणी गोड होतं. टँकरच्या पाण्याला वास यायचा, आणि माझी मुलगी ते तोंडात धरून थुंकून टाकायची. तेव्हा ती चार वर्षांची होती, अंगात ताप होता. मी ती कळशी माठात ओतली, आणि आधीच्या दोन फिल्म धुतलेलं पाणी ताटलीत तसंच होतं त्यात ही तिसरी बुडवली. त्या वर्षी घरात हाच हिशेब चालायचा: अंघोळीचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं संडासाला. फिल्मलाही तो चालेल असं मी ठरवून टाकलं. यजमान पुढच्या खोलीत रुग्ण बघत होते. मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांबरोबर महाविद्यालयात गेले. तिथली डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं फिल्म उजेडावर धरली.

‘‘गाठ होती हे दिसतंय. पण ती नंतर भरत गेली की वाढत गेली, हे एकावरून कसं सांगू? यानंतरचा फोटो असेल ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले.

‘‘हाय की,’’ गृहस्थ म्हणाले. ‘‘पाऊस पडल्यावर साहेबांनी कार्ड धाडून बोलावलं होतं.’’

‘‘अहो, मग काल का नाही बोललात?’’

‘‘तुमी कुठं इचारलं? तुमी दात इचारला.’’

मी डोळे मिटून घेतले. ते सांगत राहिले. कार्ड आल्यावर त्यांची माय रडायलाच लागली. डाक्टर आपण होऊन बोलावतो म्हणजे काही खरं नाही, असं गावानंही ठरवून टाकलं. ‘‘साहेब म्हणले, भिऊ नका, पहिला फोटो बिघडला, चूक आमची हाय.’’

चूक आमची. यजमान मला घरी एका शब्दानं बोलले नाहीत.

घरी येऊन ‘डावा खालचा सहावा’ मी दोनदा पाहिला. दुसरं पाकीट नव्हतं. मग सातवा पाहिला, पाचवा पाहिला. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी चहा गाळताना लक्षात आलं, की पहिल्या फोटोनंतर गाठीला वाट करून द्यायला तो दात त्यांनी स्वतःच उपटला होता. दुसऱ्या फोटोच्या वेळी तो तोंडात नव्हताच. दाताप्रमाणे पाकिटं लावणारा हट्टी माणूस नसलेला दात कुठे ठेवील?

दोन ट्रंका सरकवल्या. तिसरीच्या तळाशी गठ्ठा होता: ‘नसलेले दात’. मी एकटीच मोठ्यानं ‘‘अहो!’’ म्हणाले.

लोह्याची फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. पाकिटावर त्यांच्या मुंगीएवढ्या अक्षरात: ‘पहिली फिल्म पाणी कमी पडल्याने गेली. पोकळी निम्मी भरली.’

डॉक्टरनं दोन्ही फिल्म आणि नवं चित्र शेजारी लावलं, बराच वेळ पाहिलं. ‘‘जागा तीच आहे. पोकळी तेव्हापासून कमीच झालीय. हाड पूर्ण भरलं नाही, इतकंच. खात्रीसाठी सुईनं थोडा नमुना घेऊ, पण आज तरी जबडा उघडायचं कारण दिसत नाही.’’ मग मला म्हणाली, ‘‘बाई, असे आणखी असतील तर आम्हाला अभ्यासाला हवेत. फक्त नावांची यादी द्या.’’

नावांची यादी!

पायऱ्या उतरताना मी गृहस्थांना कळशीचं सगळं सांगितलं. ते थांबले.

‘‘म्हंजे मायचं पाणी तुमच्या पोरीनं पिलं?’’

‘‘हो. दोन दिवस.’’

‘‘मंग बरं झालं की. माय मरस्तोवर म्हणायची, येवढं ग्वाड पाणी त्या फोटूवर वतलं, लई जीव जळाला माझा.’’

ट्रंका सरकवल्यामुळे कपाटाचं खालचं दार आता उघडतं. मी अजून त्यातलं एकही पुस्तक काढलेलं नाही. रोज दुपारी पाकिटं घेऊन बसते, गावावरून आणि वयावरून माणसं शोधते, आणि मधूनमधून भिंतीवरच्या यजमानांकडे बघून विचारते, की तेव्हाच एकदा माझ्यावर ओरडला असतात तर काय बिघडलं असतं.