बिलीच्या भिंतीवरचा मासा

शनिवारी सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण मी घड्याळाकडेच बघत होते. लहानग्या आरूला झोपेतून उचलून तळ्यावर आणायची ही काय वेळ झाली, असं मनात चाललं होतं. तेवढ्यात आमचे हे बिलीच्या दुकानातल्या भिंतीसमोर थांबले आणि म्हणाले, "इथे आपला फोटो लागला पाहिजे!"

किस्से म्हणजे स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. साठवायचे म्हणून कुणी साठवत नाही, पण एक ओढली की दहा बाहेर येतात. आमच्या तळ्याचं तसंच झालंय.

तळं टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँड गावाहून तासाभरावर. कुणी बांधलेलं नाही. नदीने कधीतरी वाट बदलली आणि जुन्या वाटेत पाणी मागे राहिलं, तेच तळं. त्यात बास नावाचा हिरवट मासा असतो, तोंड असं मोठं की आरूची मूठ आत जाईल. म्हातारा बिली काठावर गळ, दोऱ्या आणि किडे विकतो. कुणी मोठा बास पकडला की बिली आपल्या कॅमेऱ्याने लगेच बाहेर येणारा फोटो काढतो, भिंतीवर लावतो, आणि मासा परत पाण्यात सोडला की खूश होतो. भिंतीवर सगळे टोपीवाले गोरे. आपला एकही नाही!

तेव्हापासून ह्यांना दुसरं काही सुचेना. आठवडाभर पाइपांचं वेल्डिंग, शनिवारी बास. सोबतीला नागपूरचे वानखेडे भाऊजी, ते केमिकल इंजिनियर, आणि पुण्याचे कुलकर्णी काका, ते कॉम्प्युटरवाले. मी डबा आणि आरू सांभाळायला.

*

पहिल्याच वसंतात ह्यांना चांगला हातभर बास लागला. मार्चमध्ये मासे अंडी घालायला काठाजवळ उथळ पाण्यात येतात, तेव्हाच मोठे सापडतात. हे नाचायला लागले. आणि मला वार आठवला.

"अहो, आज शनिवार!"

"मग?"

"मग काय? शनिवारी मासा घरात आणायचा नाही! सासूबाईंना कळलं तर?"

सासूबाई वेंगुर्ल्याला. त्यांना काय कळणार होतं? पण सवयच अशी की हेसुद्धा दचकले आणि त्यांनी मासा झटकन पाण्यात सोडून दिला. फोटो राहिला, हे मासा गेल्यावर लक्षात आलं!

बिली कॅमेरा घेऊन धावत आला होता. तो टोपी काढून म्हणाला, "फोटोसुद्धा न काढता सोडला! माशांचा इतका मान ठेवणारी माणसं मी पाहिली नाहीत."

भाऊजी शनिवार-बिनिवार पाळत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, मला लागला असता ना, तर रविवारपर्यंत बाथटबमध्ये ठेवला असता!"

*

बिलीचा एक कायदा होता. रॉड हातात धरणाऱ्या प्रत्येकाकडे लायसन पाहिजे.

हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती नुसती धरते. मी दोरी सोडवेपर्यंत."

बिली म्हणाला, "माशाला ते कुठं माहीत?"

मग माझं लायसन काढलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. अमेरिकेत माझ्या नावाचं पहिलं कार्ड कुठलं? गाडीचं नाही, बँकेचं नाही, लायब्ररीचंही नाही. मासे पकडायचं! मी ते देवाजवळ ठेवून हळदकुंकू वाहिलं. हसायचं असेल तर हसा.

*

कुलकर्णी काका शुद्ध शाकाहारी. तरी बासवरची सगळी मासिकं त्यांची वाचून झालेली. गळाला लावायचं जांभळं रबरी गांडूळ ते असं फेकतात की टाचणी पडल्याएवढाही आवाज होत नाही. फक्त माशाला हात लावत नाहीत!

"मी पकडतो. धरत नाही," असं त्यांचं तत्त्व. मासा लागला की हाक मारायची, "वानखेडे, या!" भाऊजींनी गळ काढायचा, मासा सोडायचा, आणि काकांनी आकाशाकडे बघत उभं राहायचं.

एकदा मात्र काकांना भिंतीवर जाईल असा मासा लागला. बिली म्हणाला, ज्याचा मासा त्यानेच धरायचा. काका घाम पुसत गाडीकडे गेले आणि काकूंचा ओव्हनमधून भांडी काढायचा फुलाफुलांचा जाड हातमोजा घालून आले! माशाने एक हिसडा दिला. मासाही गेला, मोजाही गेला. मोजा थोडा वेळ तरंगला, मग बुडाला.

संध्याकाळी काकूंचा फोन. मला वाटलं, नवऱ्याचं नशीब हुकलं म्हणून वाईट वाटलं असेल.

"मासा मरू दे गं," काकू म्हणाल्या, "मोजा जोडीतला होता!"

*

टेक्सासचा उन्हाळा म्हणजे इडलीपात्रात बसल्यासारखं. त्यात काठावर 'मगरींपासून सावध' अशी पाटी! मला पोहता येत नाही. आरू एक मिनिट जागेवर बसत नाही. म्हणून लाकडी धक्क्यावर गेलं की ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं माझ्या कमरेला.

एक गोरी बाई नाक मुरडून म्हणाली, "पोरीला कुत्र्यासारखं बांधलंय?"

मला इंग्रजीत उत्तर जुळवेपर्यंत वेळ लागतो. आरूला लागत नाही. ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ठसक्यात म्हणाली, "मला नाही, मी मम्मीला बांधलंय. तिला पोहता येत नाही!"

त्या दिवशी घरी गेल्यावर मी तिची दृष्ट काढली.

*

ऑक्टोबरात बास बारक्या चंदेरी माशांच्या मागे लागतात आणि पाणी उकळल्यासारखं दिसतं. अशा ऐन वेळी भाऊजींचा पेजर वाजला. प्लांटवरून साहेबाचा निरोप. भाऊजी बिलीच्या फोनवर गेले. "सर, मी जरा कामात आहे," असं ते सांगतायत तोच बाहेरून काका ओरडले, "वानखेडे, या! मोठा आहे!"

पलीकडे साहेबाने ते ऐकलं. मग म्हणाला, "ते काय बोलतायत ते कळलं नाही, पण ही आरोळी मला माहीत आहे. कुठलं तळं?"

पुढच्या शनिवारी साहेब स्वतःची होडी घेऊन हजर! आणि नेमका आमच्याच जागेवर उभा.

*

भिंत तशीच राहिली. थंडीत मासे तळाशी जाऊन बसले आणि आम्ही गाडीत बसून कांदाभजी खाल्ली. हे दर वेळी दुकानात जायचे, भिंतीवरची एक रिकामी जागा बोटाने पुसून यायचे. मी बघायचे आणि डबा उघडायला घ्यायचे.

मग या मार्चची गोष्ट. हे मला म्हणाले, "रॉड धर, कॉफी घेऊन येतो." मी धक्क्यावर बसले, आरू मांडीपाशी. पाण्यावर धुकं होतं. आणि रॉड वाकला!

वाकला म्हणजे टोक पाण्यात गेलं. आरूला मी दोन गुडघ्यांत दाबून धरली आणि चक्री फिरवायला लागले. काका ओरडतायत, "सुनंदा, टोक वर! टोक वर!" भाऊजी जाळं घेऊन धावले. मासा अख्खा हवेत उडाला, तोंड उघडं, आणि आरूने किंकाळी फोडून माझ्या कडेवर उडी घेतली. पण दोरी मी सोडली नाही! भाऊजींनी जाळं घातलं, मी माशाचा खालचा ओठ चिमटीत धरून उचलला. असा मासा त्या भिंतीवरही थोड्यांकडेच आहे.

बिली कॅमेरा घेऊन आला. "दोन्ही हातांनी धर! मुलीला खाली ठेव."

"खाली? इथे? पाण्याच्या काठावर? नाही!"

समोरून हे दोन कप घेऊन पळत येत होते. माझ्या एका कडेवर आरू, एका हातात मासा. मी ओरडले, "अहो, धरा!"

त्यांनी कप टाकले, धावत आले, आणि मासा घेतला.

बिलीने तेवढ्यात फोटो काढला.

फोटो आता भिंतीवर आहे. मधोमध हे, दोन्ही हातांत मासा, दात सगळे बाहेर. कडेला अर्धी मी, कडेवर आरू, आणि माझी नजर ह्यांच्यावर. दुकानात नवीन कुणी आलं आणि "वा, काय मासा पकडलाय!" म्हणालं की ह्यांची छाती फुगते. मग गल्ल्यामागून म्हातारा बिली वर न बघता सांगतो, "तो नुसता धरून उभा आहे. मासा बाईंचा."

पण ह्यांनी त्याच फोटोची कॉपी काढून वेंगुर्ल्याला पाठवलीय. सासूबाई म्हणे घरोघरी दाखवत फिरतायत, "बघा माझा लेक!" तिथे बिली नाही. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल, तर एवढं करा. बाजारात, देवळात, कुणीही भेटो, सांगा, मासा सुनंदाचा आहे. आणि त्यांना म्हणावं, पुढे चार घरी सांगा.