पाचव्या पानावर नायक नाही

केनवडला आमची अडीच एकर बागाईत आहे. वांगी, मेथी, टमाटे, कडेने झेंडू. त्या उत्पन्नातून घर चालतं, आणि घर चालून जे उरतं त्यातून मी कॉमिक्सची मूळ पानं घेतो. मूळ पान म्हणजे छापलेलं पुस्तक नव्हे. चित्रकाराने जाड कार्डावर स्वतःच्या हाताने काढलेलं पान, छापील पानाच्या जवळजवळ दीडपट. चुकलेल्या रेघेवर पांढरा रंग फासलेला असतो, समासात निळ्या पेन्सिलीच्या खुणा असतात आणि पात्रांचं बोलणं वेगळ्या कागदावर लिहून वरून चिकटवलेलं असतं. पुस्तक छापून झालं की अशा पानांचं काम संपायचं आणि ती रद्दीत जायची.

माझी पहिली सात पानं रद्दीतूनच आली. पंधरा वर्षांपूर्वी ठिबकच्या नळ्या आणायला अकोल्याला गेलो होतो. दुकान उघडायला तासभर होता, म्हणून शेजारच्या रद्दीवाल्याकडे उभा राहिलो. गठ्ठ्यातून एक घोडा डोकावत होता. ओढून पाहिला तर घोड्यावर माणूस, माणसाच्या हातात दोर आणि खाली दरी. एकाच गोष्टीची सात पानं निघाली. रद्दीवाल्याने ती तराजूत टाकली, एक किलो शंभर ग्रॅम भरली. साधी रद्दी दहा रुपये किलो होती, पण कार्ड जाड म्हणून त्याने पंधरा लावले. साडेसोळा झाले. मी सतरा दिले, कारण त्याच्याकडे आठ आणे नव्हते.

घरी येऊन पानं ओळीने लावली तेव्हा कळलं की गोष्ट आठ पानांची आहे आणि पाचवं पान नाही. चौथ्या पानाच्या शेवटी नायक दरीत उतरतो आणि सहाव्या पानाच्या सुरुवातीला तो एका गावात, खांद्याची जखम बांधलेला, असा दिसतो. मधे काय झालं ते पंधरा वर्षं मला माहीत नव्हतं, कारण ज्या मासिकात ही गोष्ट छापली होती त्याचा तो अंक कुठेच मिळाला नाही.

पुढे हातात स्मार्टफोन आला, फोनवर शौकिनांचे गट आले, ऑनलाइन लिलाव आले. तेव्हा समजलं की या रद्दीलाही बाजारपेठ आहे. मी प्रत्येक लिलावाचा भाव लिहून ठेवू लागलो. चार-पाच वर्षांत नियम लक्षात आले. सगळ्यात वर मुखपृष्ठ. मग नायक पूर्ण उभा आहे आणि हाणामारी चालू आहे असं पान. मग नायकाचा नुसता चेहरा असलेलं. सगळ्यात तळाला ज्यावर नायकच नाही असं पान. चित्र कितीही सुंदर असो, त्याला उठाव नाही. डाग असला की भाव निम्म्यावर येतो. हे सगळं मी बायकोला मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगत असे. आमचा माल बाजारात तीच विकते, त्यामुळे तिला त्यात नवल वाटलं नाही. ती म्हणायची की वांग्याचंही असंच आहे, लोक चमक पाहतात, चव कोणी पाहत नाही. पण चित्राला वांग्यापेक्षा जास्त पैसे का, हे तिला कधी पटलं नाही.

सात वर्षांपूर्वी त्याच गोष्टीचं मुखपृष्ठ मला अकरा हजारांना मिळालं. रंगीत, डाग नाही, खाली चित्रकाराची सही. त्या दिवशी बायकोने अकरा हजारांची वांगी किती होतात ते मला मोजून दाखवलं. नंतर त्याचे भाव चढत गेले आणि दर वर्षी मी तिला ऐकवत गेलो. यंदा तसंच एक मुखपृष्ठ चाळीस हजारांना गेलं. मी तिला हिशेब करून दाखवला की आपलं चित्र तुझ्या कानातल्या सोन्याच्या जवळपास बरोबरीने वाढलं आहे. या वेळी तिने हसण्यावारी नेलं नाही. दोनदा विचारलं, खरंच का म्हणून.

नवरात्रात पाचव्या पानाचा पत्ता लागला. अकोल्याचे एक निवृत्त बँक अधिकारी, गटातल्या ओळखीचे, त्यांनी आपल्या कपाटाचा फोटो टाकला आणि त्यात ते पान मला दिसलं. कोपऱ्यात पानाचा आकडा पाच. त्यावर नायक नव्हता, मारामारी नव्हती, एका गावाचा नुसता बाजार होता. मी लगेच फोन केला आणि तिथेच चूक झाली, कारण माझ्या आवाजावरून त्यांना कळलं की मला ते किती हवं आहे. ते पैशाला विकायला तयार नव्हते. त्यांना माझं मुखपृष्ठ हवं होतं. दोन दिवस बोलून असं ठरलं की त्यांनी पाचवं पान आणि शिवाय दुसऱ्या गोष्टीतलं नायकाच्या हाणामारीचं एक पान द्यायचं, मी मुखपृष्ठ द्यायचं. आकड्यांत सौदा माझ्या तोट्याचा होता. निदान दहा हजारांचा. तरी मी शब्द दिला. भाऊबीजेनंतरच्या रविवारी ते स्वतः यायचे होते.

बायकोला मी एवढंच सांगितलं की अकोल्याचे एक गृहस्थ येतील, एका पानाची अदलाबदल आहे. कोणतं पान जाणार ते सांगितलं नाही. चाळीस हजारांची वस्तू नायक नसलेल्या पानासाठी देतो आहे, हे तिला तोंडावर सांगण्याची हिंमत झाली नाही. मी हिशेबात कधी लपवाछपवी करत नाही. ही एक केली आणि ती लगेच अंगाशी आली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत झेंडू विकत बसलो होतो. घरी आलो, हातपाय धुतले आणि पूजेला बसलो. पाटावर नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, तिचे दागिने, पासबुक आणि मधोमध, भिंतीला टेकवून, माझं मुखपृष्ठ. प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेलं. वरच्या कोपऱ्यात, जिथे चित्रकाराने मोकळं आकाश ठेवलं होतं, तिथे ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. आणि नायकाच्या कपाळावर हळद, हळदीवर कुंकवाचं बोट. घोड्यावरचा तो माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

मी वाकून जवळून पाहिलं. तिला वाटलं मला बरं वाटलं.

“तुमीच म्हनले ना, सोन्यावानी हाये म्हनून,” ती म्हणाली. “मंग सोन्याले लावते तसं त्याले बी लावलं. पाकिटात कायले ठेवा देवापुढं?”

इतकी वर्षं मी जे तिला पटवत होतो ते तिला पटलं होतं. आरती झाली. मी प्रसाद खाल्ला.

पाडव्याच्या सकाळी उजेडात मुखपृष्ठ नीट पाहिलं. कुंकू कागदात उतरलं होतं, पुसायला गेलो असतो तर पसरलं असतं. मी पट्टी ठेवून मोजलं. स्वस्तिक तीन सेंटिमीटर, कपाळावरचा टिळा एक सेंटिमीटर. दोन्हींचे जवळून फोटो काढले आणि मापं लिहून अकोल्याला पाठवले. न सांगता रविवारी त्यांच्यापुढे ठेवणं मला जमलं नसतं. दोन तासांनी त्यांचा फोन आला. आधी ते बराच वेळ हसले. मग सरळ बोलले की आता याचा भाव अठरा हजारांच्या वर नाही. हाणामारीचं पान विसरा. मुखपृष्ठ द्या आणि पाचवं पान घ्या. मी हो म्हणालो. हातातून अर्ध्याहून जास्त किंमत गेली होती, पण पाचवं पान येणार होतं आणि मला त्याचीच काळजी होती.

रविवारी सकाळी मी मुखपृष्ठ पुठ्ठ्यात बांधायला घेतलं तेव्हा बायकोच्या लक्षात आलं.

“हे कुठं नेऊन राह्यले?”

मग सगळं सांगावं लागलं. डागामुळे किंमत किती उतरली, हेही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. आपल्या हातून नुकसान झालं म्हणून ती ओशाळली, पण पुठ्ठा मात्र तिने माझ्या हातातून काढून घेतला. तिचं म्हणणं, पूजेत मांडलेली लक्ष्मी घराबाहेर देत नसतात, आणि तीही दिवाळीच्या आठवड्यात. अठराला नाही अन् चाळीसलाही नाही. मी शब्द दिल्याचं सांगितलं. ती म्हणाली, शब्द पूजेच्या आधीचा आहे. मी म्हटलं, म्हणूनच तो आधी पाळायचा. तिने मुखपृष्ठ नेऊन देव्हाऱ्याशेजारी उभं केलं आणि पोहे टाकायला गेली.

पाहुण्यांना अडवावं म्हणून फोन लावला. ते मेडशीपर्यंत आले होते, बस फाट्यावर चहाला थांबली होती. तिथून परत जा म्हणणं मला बरं दिसलं नाही. फोनवर मी एवढंच म्हणालो की घरी थोडी अडचण आहे, आल्यावर बोलू.

ते साडेअकराला आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे, खांद्याला सपाट पिशवी. चहा झाल्याबरोबर मी सगळी हकीकत जशी होती तशी सांगितली आणि शब्द मोडतो आहे म्हणून माफी मागितली. त्यांनी भिंग काढलं, देव्हाऱ्याशी जाऊन मुखपृष्ठ पाहिलं, नायकाच्या टिळ्यापाशी थांबले.

“शब्द तुम्ही दिला होता,” ते परत बसत म्हणाले. “वहिनींनी नव्हता दिला. आता त्यांच्याशी भांडायला मी काही अकोल्याहून आलो नाही.”

ते बोलले समजूतदारपणे, पण पिशवी त्यांनी उघडली नव्हती. ती मांडीवर होती आणि तिच्यात माझं पाचवं पान होतं. पैशाला विकता का, हे मी नवरात्रातच विचारून नकार घेतलेला. चिवड्याची ताटली घेऊन बायको आली आणि खाली बसली.

“भाऊ, पाहू तर द्या ते पान,” ती म्हणाली.

त्यांनी काढून दिलं. तिने ते बाजारात मेथीची जुडी उलटून पाहावी तसं पुढून-मागून पाहिलं.

“याच्यात तो नाही दिसून राह्यला. घोड्यावाला.”

“या पानावर नाही तो.”

“मंग हे घेते कोन?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाजाराचे नियम तिला कोणी शिकवले ते त्यांना समजलं असावं. तिने विचारलं की पान किती वर्षं पडून आहे. ते म्हणाले, नऊ. नऊ वर्षांत कोणी मागितलं का? ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, तुमच्याच घरातून मागितलं.

“म्हनजे गिऱ्हाईक एकच हाये,” ती म्हणाली. “अन् त्याच्यापाशी बाकीचे सात हायेत, ते तो देत नाही. तुमी घरी नेऊन काय करान?”

ते हसले आणि बारा हजार म्हणाले. नवरात्रात जे पैशाला द्यायचंच नव्हतं त्याचा आकडा फुटला होता. मला हायसं वाटलं. बायको म्हणाली, पाच. ते म्हणाले, वहिनी, मी बसचं तिकीट काढून आलोय, पाच कसे? ती म्हणाली, तिकिटाचे वेगळे देऊ. पासष्टीनंतर एसटीचं तिकीट अर्धं लागतं हेही तिला माहीत होतं आणि तेही तिने सांगितलं.

इथे मला राहवलं नाही. पाच हा भाव खरा नव्हता. मी म्हणालो की त्याच मासिकातली, नायक नसलेली तीन पानं गेल्या दोन वर्षांत लिलावात गेली आहेत. एक आठ हजारांना, एक नऊला आणि एक साडेनऊला. तेव्हा नऊ हजार हा रास्त भाव आहे.

बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“तुमी कोनाकडून बोलून राह्यले?”

पाहुण्यांना चिवड्याचा ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले की असं गिऱ्हाईक बँकेत तीस वर्षांत पाहिलं नाही. नऊ मान्य. बायको म्हणाली, आता मान्य होणार नाही तर काय, घरातलाच माणूस फुटला. मी फोनवरून तिथल्या तिथे पैसे पाठवले. मागाहून तिने पाच किलो वांगी पिशवीत भरून दिली. तिकिटाच्या बदल्यात, असं म्हणाली.

बसला दीड तास होता. मी बाजेवर स्वच्छ चादर टाकून पानं ओळीने मांडली. चौथं, पाचवं, सहावं. पाचव्या पानात दरीखालच्या गावाचा बाजार होता, आणि जखमी माणूस ज्या गाडीत पोत्यांखाली निजून गावात येतो ती बैलगाडी गर्दीतून जात होती. पोत्यांखाली असल्यामुळे तो दिसत नव्हता; सहाव्या पानावर त्याच्यामागे तीच गाडी उभी होती, त्यावरून कळत होतं. एवढीच गोष्ट होती. पाहुण्यांनाही ती त्या दिवशी पहिल्यांदा सलग वाचायला मिळाली. एकटं पान पाहून, त्या गाडीत कोण आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

बायकोनेही आठही पानं वाचली. बाकीच्यांवरून ती भराभर गेली, पाचव्यावर रेंगाळली. माल कसा मांडला आहे, छत्र्या कुठे आहेत, कोणाजवळ गर्दी आहे, हे ती एकेक करून पाहत होती. मग खालच्या कोपऱ्यातल्या भाजीवालीवर तिने बोट टेकवलं.

“हिनं तराजू डाव्या हातात धरला. गिऱ्हाईकाकडून पैसे बी डाव्याच हातानं घेतले ते वरच्या चित्रात. डावरी हाये बाई.”

नऊ वर्षं पान जवळ असून पाहुण्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी घाईने भिंग काढलं, गुडघे टेकून बाजेवर वाकले, दोन्ही चित्रं पाहिली आणि खरंच की, असं म्हणत पुन्हा पहिल्यावर गेले.

“पाहा, पाहा,” बायको म्हणाली. “पन भाऊ, सौदा झाला हाये. आता भाव वाढवू नका.”