सतरा नंबरवरची इस्त्री

आमच्या धंद्यात कपडा बिनइस्त्रीचा परत देणं म्हणजे पाहुण्याला ताटावर बसवून न वाढताच हात धुवायला सांगणं. ओमानमधल्या बरक्यात माझी लाँड्री सव्वीस वर्षं चालू आहे. इथले लोक पायघोळ पांढरा सदरा घालतात, दिशदाशा. त्याला मी अशी खळ देतो आणि अशी कडक इस्त्री मारतो की लोक मस्कतहून गाडी घेऊन येतात. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. त्या फुशारकीनेच एकदा माझं नाक कापलं, तेच सांगायचं आहे.

मळका कपडा मला बघवत नाही. माझं घर राजापूरच्या बाजूला, बायको तिकडेच. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते. सुट्टी संपवून मी निघालो की शेवटच्या दिवशी अंगावर असलेला माझा चौकटीचा शर्ट ती तसाच कपाटात ठेवून द्यायची. पुढच्या खेपेला कपाट उघडावं तर शर्ट समोर, कॉलर काळी, काखेत पिवळे डाग. मी भडकायचो. "लाँड्रीवाल्याच्या घरात दोन वर्षांचा मळका शर्ट? लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "राहिला." एवढंच. तिच्या आळसाची गोष्ट मी दुकानात चवीने सांगायचो.

दुकानाच्या एका बाजूला टेलर आहे, श्रीवर्धनचा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. दुसऱ्या बाजूला दवाखाना. तिथल्या फिलिपिनो नर्सला सगळी गल्ली सिस्टर म्हणते. तिची हिंदी आम्हीच शिकवलेली, त्यामुळे ती जरा कोकणी वळणाची आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला आपल्या आईकडे ठेवून ती इकडे आली. त्या गोष्टीलाही आता वीस वर्षं होत आली. मुलगा फोनवर वाढला. त्याचे दात पडले ते तिने फोनवर पाहिले, मिशी फुटली तीही फोनवर. तो फुटबॉल खेळतो हे मला माहीत होतं, कारण दवाखान्यात गर्दी नसली की ती मोबाईल घेऊन दुकानात यायची. "भाई, देखो, ये वाला." पडद्यावर मुंगीएवढी माणसं धावत असायची. मी म्हणायचो, "हां हां, मस्त."

मग एक दिवस ती आली आणि काउंटरला धरून उभी राहिली. फिलिपिन्सचा राष्ट्रीय संघ सरावासाठी इथे येत होता, बरक्याजवळच्या समुद्रकाठच्या हॉटेलात उतरणार होता, आणि मुलाचं नाव पहिल्यांदाच संघात आलं होतं. शेवटी मस्कतला ओमानशी मैत्रीचा सामना, दुसऱ्या दिवशी पुढच्या स्पर्धेची यादी. त्या सामन्यात उतरला तर यादीत यायची आशा. नाही उतरला तर परत बेटावरच्या गावात. तिने त्याला मैदानात प्रत्यक्ष खेळताना कधीच पाहिलं नव्हतं.

"दुआ करो भाई," ती म्हणाली.

"इन्शाल्ला खेळेगा," मी म्हणालो.

सामन्याच्या दिवशी सकाळी हॉटेलमधलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. संघाची एक पेटी विमान बदलताना मागेच राहिली होती, त्यामुळे सामन्यासाठी शर्टांचा एकच जोड होता आणि तोही आदल्या सरावात घातलेला. सिस्टरने मुलाला माझं नाव सांगितलं, मुलाने त्यांच्या कपडेवाल्या म्हाताऱ्याला. नऊ वाजता तो म्हातारा दोन पोती घेऊन दुकानात हजर. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि बोटं इतकी वाकडी की मोजताना कुठलं बोट पुढे आहे तेच कळेना.

"धुवायचं, वाळवायचं. इस्त्री नाही," त्याने इंग्रजीत बजावलं. "तीन वाजता नेणार. इस्त्री नाही. कळलं?"

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाबा, तू मला शिकवणार?

शर्ट निळे, पाठीवर पांढरे चकचकीत नंबर. एक वाजेपर्यंत सगळे वाळले. एक-एक घडी घालत होतो, आणि हाताशी सतरा नंबर आला. सिस्टरच्या पोराचा. इतक्या वर्षांनी आई त्याला बघणार आणि शर्टाला पाठीवर ही चुरगळ? बाकीच्यांचं जाऊ दे, म्हटलं, एवढा एक तरी माझ्या हातचा जाऊ दे. इस्त्री दिशदाशाला तापलेली होतीच. मी शर्ट पसरला आणि बिस्मिल्ला म्हणून इस्त्री टेकवली.

हात उचलायच्या आधीच वास आला. सातचा आकडा इस्त्रीच्या तळाला चिकटून वर आला आणि एकचा आकडा सुकलेल्या पापडासारखा आकसला. मी इस्त्री बाजूला ठेवली.  कपडा जाळण्याचं मला नवल नाही, सव्वीस वर्षांत दोन-चार जळलेत, भरून दिलेत. हा भरून कसा देणार? दुसरा शर्ट मागे राहिलेल्या पेटीत. नंबर नसला तर पोरगा मैदानात उतरणार कसा?

शर्ट पोटाशी धरून मी टेलरकडे गेलो. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"काय केलंस हे?"

"इस्त्री."

"नको म्हणाला होता ना तो? इथपर्यंत ऐकू आलं मला."

"आता बोलशील की शिवशील?"

त्याने दिशदाशाचा पांढरा तुकडा काढला, मला संघाचे दुसरे शर्ट आणायला लावले, त्यांवर कागद ठेवून आकडे उतरवून घेतले आणि कात्री चालवली. "नशीब समज, सतरा आहे. सगळ्या सरळ रेघा. अठ्ठ्याऐंशी असता तर तुला रडवला असता." मशीनवर कडा बसवता बसवता तो गंभीर झाला. "ऐक. हा शर्ट ताणतो, हे कापड ताणत नाही. कुणी ओढला की टाके सुटणार. मी काही करू शकत नाही त्याला."

त्याच वेळी खिडकीतून सिस्टर दिसली. गणवेश बदलून लाल झगा घातला होता, केस मोकळे. दुपारची ड्यूटी तिने अदलाबदल करून सोडवली होती. तिने हात केला. मीही केला. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्रा म्हणा, काहीही म्हणा.

तीनला म्हातारा आला. त्याने शर्ट नंबरप्रमाणे काउंटरवर मांडले आणि प्रत्येकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत गेला. सोळा. सतरा. अंगठा थांबला. त्याने शर्ट उलटून टाके पाहिले, इस्त्रीचा तळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सुई आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"घे. गाडीत बस."

मस्कतपर्यंतच्या वाटेत तो बोलत होता आणि मी माझ्या शर्टाच्या कॉलरला टोचलेली सुई चाचपत होतो. तो स्वतः या संघाचा गोलकीपर होता. वाकडी बोटं त्यातलीच. त्याच्या काळी नंबर घरोघरी बायका शिवायच्या आणि धुताना एखादा आकडा गळायचा. देश बास्केटबॉलवेडा, टॅक्सीवाल्याला सांगितलं फुटबॉल संघात आहे, तर तो विचारायचा, कोणत्या देशाच्या?

"आम्ही जपानला पंधरा-दोन हरवलं होतं. माहीत आहे?"

"कधी?"

"शंभर वर्षं झाली. त्यानंतर आम्ही हरायची प्रॅक्टिस केली." तो हसला नाही. "मग युरोपात वाढलेली पोरं आली. आई आमची, बाप तिकडचा. आईच्या भाषेत त्यांना जेवण मागता येतं, शिव्या देता येत नाहीत. पण खेळतात. एकदा आग्नेय आशियाच्या स्पर्धेत गतविजेत्यांना त्यांच्या घरात जाऊन हरवलं, आणि उपांत्य फेरीचा घरचा सामना परक्या मैदानावर खेळलो, कारण आमच्याकडे धड मैदान नव्हतं. बायका आमच्या वर्ल्ड कपला जाऊन आल्या. पुरुष अजून वाट बघताहेत."

"आणि सतरा नंबर?"

"तो आमच्या मातीतला. त्याच्या गावात सगळे फुटबॉल खेळतात. चांगला आहे. पण कोचला तो अजून दिसलेला नाही." म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. "आज वीस मिनिटं मिळाली तर दिसेल."

मला त्याने खेळाडूंच्या बाकामागे बसवलं. समोरच्या बाजूला फिलिपिनो लोकांची गर्दी, नर्सा, दुकानातल्या पोरी, घरकाम करणाऱ्या बायका. त्यात कुठेतरी लाल झगा. ओमानने पहिल्या अर्ध्यात एक गोल केला. मी खेळ बघत नव्हतो. बाकावरच्या एका पाठीकडे बघत होतो. जवळून पाहिलं की कळायचं, बाकीचे आकडे चकाकत होते आणि हा एक मंद पांढरा.

सत्तराव्या मिनिटाला कोचने त्याला बोलावलं. समोरच्या गर्दीतून आवाज उठला. पोरगा आत गेला, आणि खरं सांगतो, धावला. डाव्या बाजूने दोनदा असा घुसला की मला फुटबॉलमधलं काही कळत नसूनही मी उभा राहिलो. तिसऱ्यांदा घुसला तेव्हा बचावपटूने मागून शर्ट पकडला. मला टाके सुटल्याचा आवाज आला. तो आवाज तिथून ऐकू येणं शक्य नाही, पण मला आला. सात अर्धा सुटून पाठीवर फडफडायला लागला. पंचाने शिट्टी मारली आणि त्याला रेषेबाहेर बोट दाखवलं. नीट करून ये.

म्हाताऱ्याने मला दंड धरून पुढे ढकललं. पोरगा पाठ करून उभा, धापा टाकतोय.

"शिव. अंगावरच शिव," म्हातारा ओरडला.

आणि माझा हात चालेना. अंगावरचा कपडा शिवू नये, अपशकुन असतो, असं आई सांगायची. का, म्हणून विचारलं तर धपाटा मिळायचा. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या अंगावर बटणसुद्धा लावलेलं नाही. या पोराच्या अंगावर तर नाहीच, याची आई समोर बसली होती.

"निकालो," मी शर्ट वर ओढत म्हणालो. "शर्ट निकालो."

"वेळ नाही!"

"निकालो बोला ना!"

त्याने शर्ट काढला. मी गुडघ्यावर घेऊन टाके घालायला लागलो. शर्ट भिजलेला, सुई घसरत होती. संघ दहा जणांवर खेळत होता. चार टाके झाले, पाचवा घालताना सगळं मैदान गरजलं. मी मान वर केली नाही. ते ओमानचे लोक होते, एवढं कळलं. दुसरा गोल. पोराने माझ्या हातून शर्ट घेतला, डोक्यातून घातला, "थँक यू, अंकल," म्हणाला आणि पळाला. त्या थँक यूने मला जितकं लागलं तितकं शिवीने लागलं नसतं. अंगावर शिवलं असतं तर अर्धा वेळ वाचला असता. कदाचित गोल झाला नसता.

उरलेली दहा मिनिटं तो खेळला. गोल झाला नाही, काही झालं नाही. दोन-शून्य.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. त्याचं नाव नव्हतं. हे मला टेलरने सांगितलं, त्याला दवाखान्यातल्या कुणी. मी दिवसभर दवाखान्याच्या बाजूची खिडकी बंद ठेवली.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आली. हातात प्लास्टिकची पिशवी. मी तिला बोलू दिलं नाही.

"सिस्टर, वो नंबर मैने जलाया. इस्त्री से. और वो दूसरा गोल..."

"मालूम है. बोला उसने." ती स्टुलावर बसली. "बोला, गोल हुआ तो भी एक अंकल सिलता रहा."

तिने पिशवीतून शर्ट काढला. म्हाताऱ्याने तो पोराला देऊन टाकला होता. चांगला असता तर मोजून पेटीत परत गेला असता, पण असा ठिगळाचा शर्ट कोण परत नेणार? आणि पोराने विमानतळावर तो आईला दिला. सात पुन्हा एका कोपऱ्यात सुटला होता. पाठीवर घामाचे पांढरे पट्टे, बाहीवर गवताचा डाग. मी सवयीने शर्ट उचलून धुवायच्या ढिगाकडे वळलो.

"नहीं, भाई." तिने माझं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. "वॉश नहीं. इस्त्री नहीं. सिर्फ नंबर पक्का करो."

"बास मारता है, सिस्टर."

"हां," ती म्हणाली. "उसका है."

मी शर्ट शिवला. टेलर मोकळा होता, पण मीच शिवला. ती समोर बसून माझ्या हातांवर नजर ठेवून होती. शिवून झाल्यावर तिने शर्ट घडी केला, नाकाशी धरला, पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. ड्यूटीची वेळ झाली होती, ती गेली.

मी दुकानाचा पंखा लावला, मग बंद केला, मग घरी फोन लावला.

"काय ओ, या वेळेस?" बायको घाबरली.

"तो माझा चौकटीचा शर्ट. हाय का कपाटात?"

तिकडे कपाटाचं दार करकरलं.

"हाय. धुतला नाय अजून," ती म्हणाली. "ओरडू नका. धुतंय आज."

"नको धुवू," मी म्हणालो.