हळद योगराजला लागली

सुरतेत कोसाडला आमची खानदेशी लोकांची वसाहत आहे, तिथे हळदीची गाणी बायका म्हणतात. पुरुष मंडप बांधतात, बट्ट्या भाजतात आणि सल्ले देतात. एकटा योगराज बायकांत बसून गातो. त्याची आई अमळनेरकडच्या गावात घरोघर हळदी गायची आणि हा तिच्या मांडीवर बसलेला असायचा. आई गेली, चाली याच्या गळ्यात राहिल्या. सुरुवातीला लोक हसले. मिशीवाला माणूस करवल्यांच्या मधोमध बसला तर हसणारच. मग त्याने एकदा गाऊन दाखवलं आणि हसणं थांबलं.

आम्ही एकाच लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होतो. मशीन शेजारी शेजारी. आता मी काम सोडलंय, तो तिथेच आहे. त्याने विणलेल्या कापडाच्या ताक्यात कधी डाग निघाला नाही, एवढं मी सांगू शकतो.

गाणं म्हणजे तोंड उघडलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हळदीच्या गाण्यात नावं लागतात. नवरदेवाचं, नवरीचं, मामाचं, आत्यांचं. एखादी आत्या राहिली तर तिचा रुसवा बारशापर्यंत टिकतो. म्हणून योगराज आधी त्या घरी जायचा, चहा प्यायचा, नावं विचारायचा आणि मग ती चालीत बसवायचा. आजकाल पोरांची नावं लांब असतात. हर्षवर्धन म्हणताना श्वास कुठे घ्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. तो ते मशीनवर उभं राहून ठरवायचा. ओठ हलत असायचे. शेठला वाटायचं, हा आपल्याला शिव्या देतो. शेठ त्याच्याशी जरा जपून बोलायचा.

रीत अशी की गाणाऱ्याच्या हातावर आधी सुपारी ठेवायची. म्हणजे बोलावणं पक्कं. गाणं झालं की टॉवेल, टोपी, नारळ आणि घरच्यांना जमेल ते. योगराजने कधी आकडा सांगितला नाही. पण सुपारीशिवाय तो कधी उठलाही नाही.

मग गोपाल आला. वसाहतीच्या तोंडाशी त्याचं मोबाइलचं दुकान आहे. लग्नाला स्पीकरचे डबेही तोच भाड्याने देतो. एका हळदीत त्याने योगराजचं गाणं फोनवर उतरवून घेतलं, नावं येतात तो भाग कापला आणि उरलेलं वाटत सुटला. त्या गाण्यात मागे कुकरची शिट्टी होती. तरी ते सुरतेतल्या पर्वत पाटियापासून पार बारडोली गावापर्यंत गेलं. कुकरसकट.

मी गोपालला एकदा हटकलं. तो म्हणाला, "आप्पा, कापड नेलं तर शेठचं कापड कमी होतं. गाणं नेल्यावर योगराजभाऊचं काय कमी झालं? गळा तर त्याच्याकडेच आहे."

तू मग पेनड्राइव्ह भरून द्यायचे पैसे कशाचे घेतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, भरायला मेहनत लागते. हे सांगताना पेनड्राइव्ह आपला आपण भरत होता आणि गोपाल चहा पीत होता.

कमी झालं होतं ते बोलावणं. गाणं खिशात असताना गाणाऱ्याला कोण बोलावतं? योगराज आता हळदीला पाहुणा म्हणून जायचा, स्वतःचाच आवाज ऐकत बट्टी खायचा आणि घरी यायचा. त्याची बायको कुसुम घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. ती मला म्हणाली, "भाऊ, यांचं गाणं साऱ्या सुरतमध्ये हिंडून आलं. हे तेवढे घरात बसले." ती हसून म्हणाली, पण योगराज ताटावरून उठला. मशीनवर त्याचे ओठ हलणं बंद झालं होतं. शेठ पुन्हा मोठ्याने बोलायला लागला होता.

फाल्गुनात तो स्वतःच गोपालकडे गेला. म्हणाला, ते कुकरवालं गाणं आता पुरे. हे घे, नवीन. खात्याच्या सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना आत बसून म्हटलंय, मागे कसला आवाज नाही. पैसे नकोत. गोपालने पहिल्या दोन ओळी ऐकल्या, वा वा म्हणाला, आपल्याकडचं जुनं पुसलं आणि जिथे जिथे ते पाठवलं होतं तिथे तिथे नवं पाठवलं. शेवटपर्यंत ऐकण्याचे कष्ट काही त्याने घेतले नाहीत.

मला योगराजचं हे वागणं आवडलं नाही. फुकट काम करणारा माणूस दुसऱ्याचीही मजुरी पाडतो. मी त्याला तसं सांगितलं. तो फक्त मिशी पुसत राहिला.

मग आमच्या गल्लीतल्या मालतीबाईच्या चेतनचं लग्न निघालं. मालतीबाई कडक बाई. हळदीची वाटी कोणत्या हाताने धरायची, यावरून तिने सख्ख्या नणंदेला परत पाठवलेलं आहे. गोपालचे डबे लागले. योगराजला आणि कुसुमला जेवणाचं आमंत्रण होतं. ते दोघं आणि मी मागच्या पंगतीला बसलो.

चेतन पाटावर बसला. गोपालने बटण दाबलं. आवाज खरोखर स्वच्छ होता. आमच्या बायकांना सवय आहे, गाणाऱ्याने ओळ टाकली की ती उचलायची. विचार करायला थांबत नाहीत. मालतीबाईने पहिली हळद चेतनच्या गालाला लावली आणि नेमकी तेव्हा नावांची जागा आली.

*हयद लागनी वं बाई, योगराजले लागनी,*
*कुसुमना नवराले लागनी.*

साऱ्या बायकांनी ती ओळ उचलली. जोरात. दुसऱ्यांदा म्हणताना अर्ध्या गप्प झाल्या. उरलेल्या अर्ध्या मात्र रंगात आल्या होत्या, त्यांनी गाण्यातल्या योगराजला नखापर्यंत हळद लावली. चेतन पाटावरून इकडे तिकडे पाहायला लागला. कुसुमने पदर तोंडात कोंबला. योगराज वरणात बट्टी कुस्करत होता, फार मन लावून.

गोपालने बटण बंद केलं. मालतीबाईचा हात हवेतच होता. माझ्या पोराला परक्याच्या नावाची हळद लागली, असं ती म्हणाली, आणि चारचौघींनी च्च च्च केलं. जुनं गाणं लावतो, असं गोपाल म्हणाला. त्याने शोधलं. ते त्याने स्वतःच पुसलं होतं.

मालतीबाई वाटी घेऊन आमच्या पंगतीपाशी आली.

"योगराजभाऊ, उठा. हात धुवा आणि माझ्या चेतनचं नाव घ्या."

"वहिनी, मी जेवायला आलोय," योगराज म्हणाला. "गायला बोलावणं कुठे आलं?"

तिला कळलं. रीतीची बाई, तिला कळणारच. तिने वळून पाहिलं. मंडपात सुपारी एकच होती, आणि ती तांदळावर गणपती म्हणून बसलेली. मालतीबाईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. देवाला उठवायची हिंमत तिलाही झाली नाही.

"गोपाल," ती म्हणाली, "सुपारी आण. तुझ्या खिशातून आण."

गोपाल गेला आणि पानाच्या टपरीवरून पुडीतली गोड सुपारी घेऊन आला. योगराजने पुडी उलटीसुलटी करून पाहिली. ही खायची, हातावर ठेवायची अख्खी असते, असं त्याने शांतपणे सांगितलं. गोपाल पुन्हा पळाला. तेवढ्यात योगराजने आणखी एक बट्टी मागून घेतली. अख्खी सुपारी किराण्याच्या दुकानात मिळते, ते दुकान वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि गोपालला पळायची सवय नाही. तो परतला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता. एका गाण्याला थोडी मेहनत लागते, हे मी त्याला सांगणार होतो, पण त्याला ऐकण्याएवढा श्वास नव्हता.

मालतीबाईने चेतनचा गाल पुसला आणि सुपारी योगराजच्या हातावर ठेवली. तो बायकांत जाऊन बसला. डबे बंदच राहिले. त्याने चेतनचं नाव घेतलं, नवरी गायत्रीचं घेतलं, मामाचं घेतलं. मग तिन्ही आत्यांची नावं एका श्वासात, थोरलीपासून धाकटीपर्यंत, अगदी बरोबर. परत पाठवलेली नणंदही त्यात आली. मालतीबाईने वाटी या हातातून त्या हातात घेतली.

तिथे मी कान टवकारले. त्याने मंडपात कुणाला एकही नाव विचारलं नव्हतं. तीन आत्या जागेवर चालीत बसत नाहीत. ते काम कित्येक दिवसांचं. गेल्या आठवड्यात मशीनवर त्याचे ओठ हलतात आणि शेठ घाबरतो, असं पोरं सांगत होती. मला तेव्हा उलगडा झाला नव्हता.

परतताना मी त्याला विचारलं, बोलावणं आलंच नसतं तर? तो म्हणाला, "आप्पा, कापड विणायचं तर उभ्या धाग्यांचा ताणा आधी भरावा लागतो."

पुढच्या दिवसांत गोपालचा फोन थांबेना. पर्वत पाटियाला एका नवऱ्याच्या सासूने विचारलं, हा योगराज कोण आणि आमच्या मांडवात काय करतो? बारडोलीला तर एकाच दिवशी दोन ठिकाणी कुसुमच्या नवऱ्याला हळद लागली. कुसुम म्हणते, एवढ्या वेळा हळद लागूनही यांचा रंग काही उजळला नाही.

गोपाल योगराजकडे आला आणि म्हणाला, नावांच्या जागा मोकळ्या ठेवून एक गाणं करून दे, तुझे पैसे देतो. योगराज म्हणाला, जागा मोकळी ठेवली तर तिथे कोण गाईल? तू?

आता ज्याला हळदीचं गाणं हवं असतं, त्याला गोपाल योगराजचं घर दाखवतो. त्याच्या काउंटरवर चार्जरच्या शेजारी अख्ख्या सुपाऱ्यांची बरणी आहे. जाताना एक घेऊन जा, तिच्याशिवाय तो उठत नाही, असं तो गिऱ्हाइकाला सांगतो. किराणावाल्यापेक्षा दुप्पट भाव लावतो.

मी भाव जास्त का म्हणून विचारलं. तो म्हणाला, बरणी भरायला मेहनत लागते.