टॅक्सीचा बॅज काढला त्या वर्षी

गाडी चालवायला मी काकूंमुळं शिकले. काकू म्हणजे ज्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते त्या. कॉलेजातून निवृत्त झालेल्या, एकट्या, मुलगा परदेशात. यजमान गेल्यावरही त्या स्वतः गाडी चालवायच्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर ते सोडलं, गाडी अंगणात उभी राहिली, टायर बसले, आणि एक दिवस काकू म्हणाल्या, "तू शीक. बँकेत जायला, दवाखान्यात जायला रोज कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी शिकले. पडेगावच्या बाजूला तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते. मुरूम टाकलेले रस्ते, विजेचे खांब, आणि घर एकही नाही. तिथं मी क्लच सोडायला शिकले. भीती वाटली नाही. त्या काळात मला कशाचीच भीती वाटत नव्हती आणि कशाचा आनंदही होत नव्हता. बघणाऱ्याला वाटायचं, बाई धीराची आहे.

पाऊस सलग दगा देत होता. आमच्या वैजापूर तालुक्यातली माणसं मेंढरं विकून शहरात येत होती आणि शहर त्यांनाच कामाला लावून वाढत होतं. मीही आले, फक्त गावाहून सरळ नाही आले. मधे हर्सूलच्या तुरुंगात एक वर्ष काढलं होतं. हे काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला बाई ड्रायव्हर हवी होती. वेरूळ, दौलताबाद बघायला एकट्या-दुकट्या बायका येतात, त्या बाई ड्रायव्हर मागतात, असं तो म्हणाला. काकूंनीच मला तिकडं पाठवलं. "माझं दोन वेळचं तू सकाळी करून जा. गाडी येते तुला, ती घरात वाया का घालवायची?" ट्रॅव्हल्सवाल्यानं माझ्याकडून स्टेशनला एक चक्कर मारून घेतली आणि म्हणाला, हात चांगला आहे, बॅज घेऊन ये. बॅज म्हणजे भाड्याची गाडी चालवायचा बिल्ला; तो आरटीओतून मिळतो, आणि त्याला पोलिसांचा दाखला लागतो. हे ऐकलं तेव्हाच मी समजले. तरी अर्ज केला. का केला ते सांगता येत नाही. एक काम सांगितलं होतं, ते केलं.

पोलीस ठाण्यात एक वयस्कर हवालदार होते. नाव, पत्ता, काम लिहून झालं. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "काही केस-बिस?"

"हाय."

"कसली? भांडणाची?"

"चारशे अठ्ठ्याण्णव. सासरच्या जाचाची."

आता त्यांनी मान वर केली. "नवऱ्यावर केलीय का तुम्ही?"

"नाय. माझ्यावर झाली. शिक्षा झालेली हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही नणंद."

"व्हय."

त्यांनी पेन परत उचललं आणि कागद पुरा केला. शेजारच्या टेबलावरच्या पोलीस बाईनं मात्र माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

काय झालं होतं ते इथं सांगते. मी नवऱ्यानं टाकलेली, माहेरी राहत होते. भावाचं लग्न झालं. वहिनीच्या बापानं मोटरसायकल द्यायचं कबूल केलं होतं, दुष्काळात त्याला ते जमलं नाही. भाऊ तिला मारायचा. आधी रात्रीचा, मग दिवसाही. आई बोलायची, मी बोलायचे नाही. मी भाकरी करायचे, मेंढरांमागं जायचे. एका उन्हाळ्यात दुपारी गल्लीत टँकर आला, सगळं गाव हंडे घेऊन बाहेर आलं, आणि नेमकं तेव्हाच भावानं वहिनीला आत धरलं. आई म्हणाली, "कडी लाव बाहेरनं. लोकं बघतील." मी कडी लावली, हंडा उचलला आणि टँकरला गेले. वहिनीचा डावा हात कोपरात मोडला.

निकालाच्या आधी आई वारली. भावाला तीन वर्षं लागली, मला एक. सुटल्यावर भाऊ सुरतेकडं गेला. त्याचा फोन आला की मी उचलते, जेवलास का विचारते आणि ठेवते.

दाखल्याच्या चौकशीला हवालदार काकूंच्या घरी आले. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. काकू अधूनमधून फक्त "अच्छा" म्हणत होत्या. हवालदार गेल्यावर त्या आत आल्या आणि भांडं घेऊन स्वतः चहा टाकला. दोन कप केला. माझा कप माझ्यापुढं ठेवला आणि आपला घेऊन बाहेर गेल्या. त्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या उशीखाली गेल्या. गाडीची किल्ली मात्र होती तिथंच, दाराशेजारच्या खिळ्याला राहिली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी रोजच्यासारख्या पोळ्या करत राहिले. दहा-पंधरा दिवसांनी किल्ल्या परत टेबलावर दिसायला लागल्या.

दाखल्याचा अर्ज नामंजूर झाला. ठाण्यातल्या कारकुनानं कागद देताना सांगितलं, "वरच्या साहेबांकडं अपील करा, बाई. ते समोर बोलावून ऐकून घेतात. फिर्यादीची हरकत नसली तर बरं पडतं."

काकूंना मी पहिल्यांदा तोंडानं सांगितलं ते हे. "वैजापूरला जायचंय. तिला भेटायला."

काकू पेपर वाचत होत्या. "ती भेटेल तुला?"

"म्हाईत नाय."

"मग संध्याकाळचं मी खिचडी टाकीन," काकू म्हणाल्या.

वहिनी वैजापूरला बाजार समितीजवळ कांदा निवडायला जाते एवढं मला गावच्या एका बाईकडून कळलं होतं. पत्र्याच्या शेडमधे कांद्याचे ढीग होते आणि बायका ओळीनं बसल्या होत्या. तोंडाला पदर बांधलेले, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी तिला हातावरून ओळखलं. डावं कोपर सरळ होत नव्हतं. ती कांदा उजव्या हातानं उचलायची, डाव्या हातात फिरवून बघायची आणि परत उजव्या हातानं टाकायची.

तिनं मला बघितलं. हात थांबला नाही.

"काय काम काढलं?" ती म्हणाली. पूर्वी ती मला वन्सं म्हणायची, अहो-जाहो करायची. आता काहीच म्हणाली नाही. मलाही वहिनी म्हणता येईना.

"टॅक्सी चालवायची हाय. पोलीस दाखला देईनात. म्हणले, फिर्यादीची हरकत नसली तर देतील."

"फिर्यादी म्हंजी मी."

"व्हय."

शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण हाय गं?"

"नणंद व्हती माझी," ती म्हणाली. ओळीतल्या बायकांनी माझ्याकडं माना वळवल्या. कांदे पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"माफी मागाया आली का?"

मी विचार केला. बसमधे सगळा वेळ तोच शब्द तोंडात होता. पण तो आता काढला असता तर बॅजसाठी काढल्यासारखा झाला असता, आणि तिला ते कळलं असतं.

"नाय," मी म्हणाले. "कामाला आले."

नासका एक कांदा तिनं मागं फेकला. मग म्हणाली, "त्या दिशी किती पाणी भरलं?"

"दोन हंडे. तिसरा अर्धाच आला. टँकर संपला."

"मी आतनं ऐकत व्हते," ती म्हणाली. "तू हंडा आणून खाली ठिवला की आवाज यायचा. मला वाटायचं, आता कडी काढती."

मी तिथंच ढिगाच्या कडेला बसून राहिले. ऊन पत्र्यावर तापत होतं. ती कांदे निवडत होती. थोड्या वेळानं माझाही हात गेला आणि मी चार-दोन कांदे उचलले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मुकादम वरडंल."

उठताना तिनं सांगितलं, "लिहून-बिहून काय देणार नाय मी. इचाराया आले तर जे झालं ते सांगन. तुझ्या बाजूनं नाय, इरोधात बी नाय." मग जारकडं हात केला. "पाणी पी. उन्हाची आलीस."

मी ग्लासभर पाणी पिऊन स्टँडवर आले. बसला उशीर होता. केळी घेतली, दोन खाल्ली. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

अपील केल्यावर पोलिसांच्या वरच्या साहेबांनी पावसाळा संपता संपता बोलावलं. पाऊस नव्हताच, नावाला पावसाळा. साहेब माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी वैजापूरहून जबाब मागवला होता. तो समोर धरून ते म्हणाले, "फिर्यादी म्हणते, मारलं भावानं. हिनं हात लावला नाही. कडी हिनं लावली. गाडी चालवायला तिची हरकत नाही." मग कागद खाली ठेवून विचारलं, "कडी का लावली होती?"

"आई म्हणली म्हणून."

"आणि काढली कधी?"

"टँकर गेल्यावर."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी अजून काही सांगेन असं त्यांना वाटलं असावं. रडेन, हात जोडेन. कोर्टातही वकील हेच म्हणाला होता, थोडं रडा बाई. मला ते तेव्हाही जमलं नव्हतं.

"त्यानंतर काही तक्रार? कुठं भांडण?"

"नाय."

"बायकांना घेऊन फिरणार तुम्ही. उद्या गाडीत कुणी बाईला त्रास दिला तर काय कराल?"

"गाडी थांबवीन," मी म्हणाले. "दार उघडीन."

हे मी ठरवून बोलले नाही. तोंडातून आल्यावर मलाच ऐकू आलं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, शेरा लिहिला आणि पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

दाखला मिळाला, आणि बॅज हातात पडला तेव्हा मी आरटीओच्या भिंतीला टेकून तो उलटासुलटा करून बघितला. हलका होता. आजूबाजूला पोरं मोबाईलवर बॅजचे फोटो काढून घरी पाठवत होती. मी वहिनीला कळवावं का याचा विचार केला. तिचा नंबर माझ्याकडं नव्हता, आणि तो मागायला परत त्या शेडमधे जाण्याचं कारण उरलं नव्हतं. काकूंना मात्र दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, जन्मतारखेपर्यंत, आणि म्हणाल्या, "फोटोत तू म्हातारी दिसतेस." त्यांनी माझी केलेली ती पहिली थट्टा. मी हसले असावे, कारण त्याही हसल्या.

पहिलं भाडं वेरूळचं नव्हतं. स्टेशनवर एक म्हातारे गृहस्थ होते, दोन मोठ्या बॅगा, त्यांना शहागंजला जायचं होतं. ड्रायव्हरच्या सीटवर मला बघून ते दार धरून थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. क्रांती चौक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "किती साल से चला रहे आप?"

"आजपासून," मी म्हणाले.

त्यांनी खिडकीवरची कडी घट्ट धरली ती शहागंज येईपर्यंत सोडली नाही. बाजाराची गर्दी होती, हातगाड्या आडव्या, मागून हॉर्न. मी कुणाला न घासता त्यांना दुकानाच्या पायरीपाशी नेऊन सोडलं. उतरताना ते म्हणाले, "ठीक चलाते हैं." मी मान हलवली, आरसा नीट केला आणि गाडी मागं घ्यायला जागा शोधू लागले.