वेशीमायची मिशी

परतवाड्याच्या सडकेवरून थोडं आत गेलं की नाल्याकाठी काळ्या दगडाचं एक देऊळ लागतं. हेमाडपंती म्हणतात. चुन्याचा थेंब नाही, दगडात दगड बसवलेला. बाहेरून हत्तींची रांग, आत छताला उलटं कमळ. कोण्या जुन्या कारागिरांनी मान मोडेस्तोवर कोरलं असेल, पण गावानं त्या कमळाकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. गावाचं काम होतं वेशीमायशी. ती दाराच्या डाव्या चौकटीला उभी, कमरेएवढी, शेंदराचा नुसता गोळा आणि त्यात चांदीचे दोन डोळे. पिढ्यान् पिढ्या शेंदूर थापून तिचं नाक-तोंड केव्हाच बुजलं होतं. तिला लुगडं नेसवत, बांगड्या वाहत, ओटी भरत. नवसाला पावे म्हणत.

तानुबाईचा नवरा मोतीराम गुरव वारला, तशी पूजा धाकट्या दिराकडे, देवीदासकडे गेली. विधवेनं घंटा कशी वाजवावी? मात्र झाडणं, दिवे घासणं, मायला रोज तेल चोळून पुसणं, एवढं विधवेच्या हातून चालत होतं. बदल्यात देवळाला टेकलेली एक खोली आणि ओटीतले तांदूळ. लेकरू नाही, माहेरी कोणी उरलं नाही. त्या खोलीपलीकडे तानुबाईला जगात जागा नव्हती.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, घटस्थापनेआधीच्या मंगळवारी ती मायला पुसत होती. कानाजवळ चीर दिसली म्हणून बोट लावलं, तर शेंदराचं अख्खं कवच सुटलं आणि धप्पकन खाली बसलं. आत काळाभोर पुरुष उभा. पिळदार मिशी, हातात गदा, कमरेला कट्यार, गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी वेगळा.

तानुबाईनं पहिलं काय केलं, तर डोक्यावरून पदर ओढला. इतकी वर्षं परक्या बाप्याला तेल चोळलं म्हणायचं. मग तिची नजर उजव्या चौकटीकडे गेली. तिथं तुटक्या दगडात दोन पाय आणि गदेचं टोक तेवढं उरलेलं, तसंच हुबेहूब. हे दोघे दाराचे राखणदार. एक पडला, एक राहिला, आणि राहिला त्याची माय झाली.

तेवढ्यात ओटीचं ताट घेऊन इंदूबाई आली. सरपंच केशवरावांची ही बायको. चार लेकींवर तिला मुलगा झाला तो वेशीमायच्या नवसानं. तोही पदराला धरून होता, मागं आणखी चार-दोन बाया होत्या.

"काय वो हे?" इंदूबाई जागीच थांबली. "मिशा?"

मागची एक फिस्सकन हसली. "म्हणून तानुबाई रोज घासू घासू तेल लावे काय?"

"एकट्या बाईले तेवढाच आधार," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"असं नका बोलू वो," तानुबाई म्हणाली. "राखणदार हाय हा. त्या बाजूले याच्या जोडीदाराचे पाय पाहा ना."

"मंग मी नवस कोणाले बोलली होती?" इंदूबाईनं विचारलं. आता कोणी हसलं नाही. तिच्या मुलाकडे मात्र एकदोघींची नजर गेली, आणि ती तिला दिसली.

घटकाभरात केशवराव आले, देवीदास आला. केशवरावांनी बायांना बाहेर काढलं आणि सहदेव पाथरवटाला बोलावलं.

सहदेव मूर्तीपुढे बसून राहिला. "मी पाट्या-वरवंट्याले टाकी लावतो, मालक. माह्यानं हे फोडणं नाई होत."

"फोडाले कोण सांगून राह्यलं? मिशी तेवढी काढ."

मग तानुबाईकडे वळून केशवराव हळूच म्हणाले, "दुपारी बायांसमोर सांगजो, कवचाखाली मायचंच रूप होतं, तुले भास झाला. सांगशीन त खोली तुही. नाई त आजच्या आज खाली कर."

खोलीत चुलीवर वरण शिजत होतं. तानुबाई म्हणाली, "सांगतो."

सहदेवनं छिन्नी लावली. मिशीसंगं वरचा ओठ गेला, मग नाकाचा शेंडा. गदा मनगटासकट गेली. कट्यार लुगड्यात झाकून जाईल म्हणून वाचली. पडलेला चुरा झाडायला तानुबाईच. मग देवीदासनं कोपरापर्यंत हात भरून शेंदूर थापला आणि चांदीचे डोळे पुन्हा चिकटवले.

दुपारी सारं गाव जमलं. तानुबाईनं हात जोडले. "मायच होती वो. माह्येच डोये फिरले." बायांनी मिशी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती, पण त्यांनाही मायच हवी होती. त्यांनी माना हलवल्या.

मग देवीदास पुढे झाला. "आता एक सांगा, वहिनी. आत मायच होती ना?"

"व्हय."

"मंग मायनं कवच टाकलं काहून? कोप झाल्याबिगर टाकते काय? अन् तवा हात कोणाचा होता?"

तानुबाईनं तोंड उघडलं. पण बोलणार काय? आत माय नव्हतीच, हे? ते तर आत्ताच तिनं सगळ्यांदेखत पुसून टाकलं होतं. तिनं केशवरावांकडे पाहिलं.

"मी खोली देतो म्हटलं होतं," ते म्हणाले. "पण मायपुढं माह्यं काय चालते?"

तिची वाकळ इंदूबाईनं स्वतः बाहेर फेकली. वरण कुत्र्याला घातलं, खोलीत गोमूत्र शिंपडलं. घटस्थापनेला त्याच खोलीत देवीदासनं नारळाचं दुकान मांडलं.

तानुबाई वलगावच्या माळ्यांकडे भाजीचे वाफे निंदायला राहिली आणि म्हातारपणही तिथंच काढलं. कोप करणारी देवी म्हणून वेशीमायचं नाव लांबवर गेलं. एका नवरात्रात मळ्यातल्या बाया बैलगाडी जुंपून निघाल्या.

"येतं काय वो, तानुबाई? लय कडक देवी हाय म्हणते."

"कडक हाय," तानुबाई म्हणाली, आणि पुढच्या वाफ्याकडे सरकली.